पिशवी काढायची घाई कशाला?

*ताई, माझं वय ४१. सोलापूर जिल्ह्यात माध्यमिक शाळेत शिकवते. दोन मुलं, कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालंय. गेली दीड वर्षं पाळी आठ-नऊ दिवस चालते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दीड तासात पॅड भरतं, मोठ्या गाठी पडतात, वर्गात खुर्चीवरून उठायची भीती वाटते. हिमोग्लोबिन ८.४ आलं. सोनोग्राफीत २.४ सेंटिमीटरची फायब्रॉइडची गाठ आहे. डॉक्टर म्हणाले, "मुलं झालीत, पिशवी काढून टाका, नाहीतर पुढे कॅन्सरची भीती." सासूबाईंचंही तेच. जावेची पिशवी ३४व्या वर्षीच काढली. अंगावर जास्त जातं तेव्हा रक्त थांबायची एक गोळी घेते, पण गुण नाही. दुसरा उपाय आहे का? पुढच्या महिन्यात पुतणीचं लग्न आहे. पाळी पुढे ढकलायची गोळी घेऊ का?*

बाई, आधी कॅन्सरचं. फायब्रॉइड ही स्नायूची साधी गाठ. तिचा कॅन्सर होणं अतिशय दुर्मीळ असतं आणि २.४ सेंटिमीटरच्या गाठीसाठी त्या भीतीने पिशवी काढायचं कारण नाही. आपल्याकडे आणखी एक घोळ होतो. पाळीत पडणाऱ्या रक्ताच्या गुठळ्यांनाही आपण गाठी म्हणतो आणि पिशवीतल्या फायब्रॉइडलाही गाठच. त्यामुळे 'गाठी पडतात' आणि 'गाठ आहे' हे एकच वाटून बायका घाबरतात. गुठळी म्हणजे साकळलेलं रक्त. रक्त फार वेगाने आलं की ते पातळ ठेवण्याची शरीराची यंत्रणा कमी पडते, इतकंच.

तुमचा खरा आजार आज ८.४ हा आकडा आहे. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर हवं. पिशवी काढायची ठरली तरी ते आधी वाढवावंच लागेल, म्हणून सुरुवात तिथून. शाळेत मुलींना आठवड्याला वाटता त्या निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. ती प्रतिबंधासाठी. तुम्हाला डॉक्टरांनी लिहून दिलेली उपचाराची मात्रा हवी, साधारण ६० ते १०० मिलिग्रॅम लोह, रोज किंवा एक दिवसाआड. एक दिवसाआड घेतली तर पोटाला त्रास कमी होतो आणि लोह अंगी लागायचं प्रमाणही चांगलं राहतं. गोळी उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी दोन तास लांब. बहुतेकींची गोळी फुकट जाते ती सकाळच्या चहामुळेच. शौचाला काळं होईल, घाबरू नका. महिन्याने पुन्हा तपासा. आकडा एक-दोनने वाढायला हवा. वाढला नाही किंवा गोळी सोसलीच नाही, तर सलाइनमधून लोह देता येतं. आकडा १२ वर गेला म्हणून गोळी सोडू नका. पुढे तीन महिने चालू ठेवायची, कारण साठा भरायचा असतो. तो साठा फेरिटिन नावाच्या तपासणीत कळतो, तीही करून घ्या.

आता रक्त मोजा. पुढच्या पाळीत वहीत गुण लिहा: किंचित डागलेल्या पॅडला १, अर्धवट भरलेल्याला ५, पूर्ण भिजलेल्याला २०. छोट्या गुठळीला १, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गुठळीला ५. अख्ख्या पाळीची बेरीज १०० च्या वर गेली तर अतिरक्तस्राव. तुमच्या पत्रावरून तर दुसऱ्या एकाच दिवसाचे १०० होतील. तरी लिहाच. औषध लागू पडतंय की नाही हे पुढच्या महिन्याच्या बेरजेवरून कळेल. 'थोडं बरं वाटतंय'वरून कळत नाही.

सोनोग्राफीचा रिपोर्ट पुन्हा उघडून गाठ कुठे आहे ते वाचा. 'सबसेरोसल' म्हणजे पिशवीच्या बाहेरच्या अंगाला, ती सहसा रक्तस्राव वाढवत नाही. 'इन्ट्राम्युरल' म्हणजे स्नायूत. 'सबम्युकोसल' म्हणजे आतल्या पोकळीत डोकावणारी. ही छोटी असली तरी धो धो रक्त आणते, आणि अशी गाठ खालच्या वाटेने दुर्बीण घालून कापून काढता येते, पिशवी जागच्या जागी ठेवून. गाठीच्या जागेवर उपचार ठरतो आणि तुम्हाला कुणी जागा सांगितलेलीच दिसत नाही. शिवाय थायरॉइडची तपासणी झालीय का? रक्त पातळ करणारं काही औषध चालू आहे का? तांबी बसवलेली असेल तर तीही पाळी वाढवते. पहिल्या पाळीपासूनच असं असेल, दात काढताना किंवा बाळंतपणात रक्त थांबलं नसेल, तर रक्त गोठण्याचाच दोष असू शकतो. पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासणं साधारण ४५ नंतर करतात. पण दोन पाळ्यांच्या मध्येच रक्त जात असेल, वजन बरंच जास्त असेल किंवा औषधांनी फरक पडत नसेल तर त्याआधीही करावं.

तुमच्या गोळीचं. नाव लिहिलेलं नाही, पण बहुधा ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड. एका गोळीत ५०० मिलिग्रॅम असतं, आणि मात्रा असते दोन गोळ्या, दिवसातून तीनदा, जास्त रक्त जाणाऱ्या तीन-चार दिवसांत. 'अगदीच सहन होईना तेव्हा एक' घेतली तर गुण येणार कसा? नीट घेतलं तर रक्तस्राव बऱ्याच जणींचा जवळपास निम्म्याने उतरतो. पायात किंवा फुफ्फुसात रक्ताची गुठळी झालेली असेल, फिट्स येत असतील, मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घ्यायची नाही. पोट दुखत असेल तर सोबत मेफेनॅमिक ॲसिड देतात. दोन्ही औषधं असलेली एकत्र गोळी मिळते, ती चालू असेल तर दुखण्याची वेगळी गोळी त्यावर टाकू नका, जठराला अल्सर असेल तर मेफेनॅमिक मुळीच नको.

गोळ्यांनी भागलं नाही तर माझ्या मते तुमच्यासाठी पुढचा पर्याय आहे हॉर्मोनचं आययूडी, म्हणजे पिशवीत बसवायचं छोटं साधन. दिसायला तांबीसारखंच, पण काम उलट. त्यातलं ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल रोज थोडं थोडं पिशवीच्या अस्तरावर सुटतं, अस्तर पातळ राहतं, रक्त कमी होतं. ओपीडीत बसवतात, पाच वर्षं चालतं. तीन ते सहा महिने अधूनमधून डाग लागतात, आणि इथेच काही जणी कंटाळून काढून टाकतात. तेवढे महिने काढायची तयारी असेल तरच बसवा. छोटी गाठ पोकळीला वाकवत नसेल तर ते बसतं. अस्तर जाळण्याचीही एक प्रक्रिया आहे, पण कमी वयात केली तर पुढे पुन्हा त्रास सुरू व्हायची शक्यता जास्त, म्हणून तिची घाई नको.

पिशवी काढणं हा चुकीचा उपाय नाही, तो शेवटचा उपाय आहे. सगळं करून थकलात, किंवा गाठ मोठी झाली, तर काढा आणि मनाला लावून घेऊ नका. फक्त आधी विचारा: कोणत्या मार्गाने काढणार, खालून, दुर्बिणीतून की पोट उघडून? आणि अंडाशय ठेवणार ना? ते काढले तर ४१व्या वर्षीच एका झटक्यात पाळी गेल्याचे सगळे परिणाम, हाडांसकट. बीड जिल्ह्यात ऊसतोडणीच्या बायकांच्या पिशव्या किती सर्रास काढल्या गेल्या ते २०१९ मध्ये राज्यभर गाजलं. जावेचं जे झालं त्याला ती एकटी जबाबदार नाही, तिला टोचू नका. दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाताना सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट आणि ती गुणांची वही घेऊन जा.

एका तासात पॅड भरतंय, असं सलग दोन तास झालं, किंवा चक्कर, छातीत धडधड, धाप लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. 'पाळी जायच्या वयात असंच होतं' हे वाक्य त्या दिवशी कुणाचंही ऐकायचं नाही.

लग्नाची गोळी, म्हणजे नॉरेथिस्टेरॉन. पाळीच्या तीन दिवस आधी सुरू करतात, ५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. थांबवली की दोन-तीन दिवसांत रक्त येतं, आणि तुमच्या बाबतीत ते जोरात येऊ शकतं. म्हणजे लग्न निभावेल, पण सत्यनारायणाच्या दिवशी वाट लागेल. हिमोग्लोबिन ८.४ असताना दुकानातून आणून घेऊ नका. डॉक्टरांना तारीख सांगा. गोळी द्यायची ठरलं तर ती कधी थांबवायची आणि रक्त सुरू झालं की ट्रॅनेक्सॅमिकच्या किती गोळ्या घ्यायच्या, हे दोन्ही कागदावर लिहून आणा.