सरपंचबाईंची खुर्ची आणि हिलरी

"ताई, येत्या ८ नोव्हेंबर २०१६ला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत इथली नागरिक म्हणून मी पहिल्यांदा मत देणार. मन उमेदवार हिलरी क्लिंटनकडे ओढतं, पण कारभार त्यांचे यजमान, माजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटनच बघतील ही धास्ती आहे. साताऱ्याकडच्या आमच्या गावात काकू सरपंच होती, पण खुर्चीत काका बसायचे. प्रोसिडिंग बुक सहीपुरतं घरी यायचं. आमचे हे म्हणतात, 'मत बाईंना की बिलला?' रोज वाद होतात. काय करू?
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी"

अगं, चुलीपुढे पीठाचे हात पुसून सही करणारी काकू तुझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही, हे कळतं मला. पण हिलरी त्यातल्या नव्हेत. नवऱ्याच्या नावानं दार उघडलं, हे खरंच. पुढे मात्र न्यूयॉर्कमधून त्या २००० आणि २००६ मध्ये सिनेटवर निवडून आल्या. २००८ मध्ये पक्षाच्या उमेदवारीच्या लढतीत ज्या ओबामांनी हरवलं, त्यांच्याच हाताखाली चार वर्षं परराष्ट्रमंत्री होत्या.

म्हणूनच त्यांच्या चुकाही त्यांच्याच खात्यावर मांड. २००२ मध्ये इराकवरच्या लष्करी कारवाईला मान्यता देणारं मत त्यांचं स्वतःचं. कामाचे ईमेल खासगी सर्व्हरवर ठेवले तेही त्यांनीच. एफबीआय या केंद्रीय तपास यंत्रणेनं खटल्याची शिफारस केली नाही, पण कमालीचा निष्काळजीपणा झाला असं स्पष्ट म्हटलं. मला ते फार खुपतं. बिल राष्ट्राध्यक्ष असतानाचं मोनिका लेविन्स्कीबरोबरचं प्रकरण मात्र त्यांच्या माथी मारू नकोस. नवऱ्याच्या वागण्याचा जाब बायकोला विचारायचा, हे आपण पुष्कळ पाहिलंय.

तुझी धास्ती खरी ठरते ती दोघांचं काम एकत्र येतं तिथे. यंदा जूनमध्ये ईमेलची चौकशी चालू असताना बिल फिनिक्स विमानतळावर ॲटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याच्या प्रमुख, लोरेटा लिंच यांच्या विमानात जाऊन बसले. लिंच म्हणाल्या, नातवंडांच्या गप्पा झाल्या. झाल्या असतील, पण ते शोभलं नाही. हिलरी जिंकल्या तर क्लिंटन फाउंडेशन ही त्यांच्या कुटुंबाची धर्मादाय संस्था परदेशी देणग्या घेणार नाही, असं बिल आता सांगतात. त्या परराष्ट्रमंत्री असताना हे का सुचलं नाही?

मला विचारशील तर, नुसत्या बिलच्या भीतीनं मी त्यांना नाकारणार नाही. समोरचे उमेदवार ट्रम्प यांनाही हाच काटा लाव. त्यांनी तर आयकराची विवरणपत्रंही दाखवलेली नाहीत.

१९ ऑक्टोबरला दोन्ही उमेदवारांची शेवटची जाहीर चर्चा आहे. ती ह्यांच्याबरोबर बस आणि बघ. फाउंडेशनचा प्रश्न आला की हिलरी थेट उत्तर देतात का, ते नीट ऐक. मग ठरव. मत कुणाला दिलंस हे घरी सांगायचं की नाही, तेही तूच ठरव.