ओझं कुठे नेऊन टाकलं, ते बघ

प्रिय लेकी,
अनेक आशीर्वाद.

व्हेनिसच्या वास्तुकला बिएनालेचे, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या प्रदर्शनाचे, फोटो बघून तू पार गांगरलीस, हे पत्रावरून दिसलंच. रोबो, शेवाळाच्या भिंती, एआय. आणि आपण मराठवाड्यात अजून पत्रे आणि स्लॅबच काढत बसलोय, असा एकंदर सूर. कोणतं सॉफ्टवेअर शिकू, हेही विचारलंस. त्याचं उत्तर शेवटी. आधी मी तिथे काय पाहिलं ते ऐक.

२०२५ च्या त्या प्रदर्शनाचे क्युरेटर होते कार्लो राती. सहभागी साडेसातशेहून जास्त. जार्दिनी बागेतलं मुख्य दालन दुरुस्तीसाठी बंद, त्यामुळे बहुतेक सगळं आर्सेनालेत, जहाजांचे दोरखंड वळायच्या जुन्या लांबलचक कारखान्यात कोंबलेलं. निव्वळ जत्रा. माहितीच्या पाट्या एवढ्या मोठ्या, की त्यांच्याखाली एआयने केलेला सारांश लावावा लागला होता. मी पुढे पुढे सारांशही वाचायचे सोडून दिले.

पण पहिली खोली डोक्यातून जात नाही. अंधार, खाली पाणी, आणि वर छताला टांगलेली एसीची बाहेरची युनिटं. शिरताच अंगावर गरम, दमट वाफ. पुढची दालनं गार ठेवताना जी उष्णता निघते, ती तिथे सोडलेली. ट्रान्ससोलरच्या हवामान-अभियंत्यांची आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ही करामत. मे महिन्यात औरंगपुऱ्यातल्या दुकानांमागच्या बोळातून जाणाऱ्या माणसाला यात नवं काही वाटणार नाही. फरक एवढाच, की आपण गिऱ्हाइकाला पुढच्या दारानं आत घेतो. त्यांनी प्रवेशच बोळातून ठेवला होता.

तिथून पुढे मी प्रत्येक मांडणीला एकच गोष्ट विचारत गेलो: इथलं ओझं उचलून कुठे टाकलं?

राष्ट्रीय दालनांमध्ये सुवर्णसिंह, म्हणजे तिथला सर्वोच्च पुरस्कार, मिळाला बहारीनला. उन्हात राबणाऱ्या बांधकाम मजुरांना सावलीत जरा गारवा मिळावा, ही कल्पना. जमिनीखालच्या गार थरातून हवा आणायची, सौर धुराड्यानं गरम हवा वर ओढून घ्यायची; मध्ये एकच खांब आणि त्यावर तोललेलं छत. व्हेनिसमध्ये प्रदर्शनाच्या जागी जमीन खोदणं शक्य नव्हतं, म्हणून तिथे कालव्याकडच्या खिडकीतून हवा घेऊन यंत्रानं खेळवली होती. म्हणजे तू फोटोत पाहिलंस ते मूळ यंत्रणेचं सोंग होतं. यात फसवणूक नाही, त्यांनी ते उघड सांगितलंय. पण फोटो हे सांगत नाही, म्हणून छेद, म्हणजे इमारत उभी कापून आतलं दाखवणारा नकाशा, वाचायला शिक.

दुसरा सुवर्णसिंह एका कॉफीच्या टपरीला! डिलर स्कोफिडिओ अँड रेन्फ्रो या वास्तुरचनाकारांनी आणि मंडळींनी तिथल्याच खाजणाचं पाणी उचललं. काही पाणी खारं पाणी सोसणाऱ्या वनस्पतींमधून गाळलं, काही आरओमधून काढलं, आणि दोन्ही मिसळून लोकांना एस्प्रेसो पाजली. मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी २०१६ साली लातूरनं प्यायलंय, त्यामुळे पाण्याची अशी उठाठेव बघून मला हसू आलं नाही. माझं लक्ष मात्र दुसरीकडे. आपल्या गावागावांत आरओचे प्लांट झालेत, जार घरपोच येतो. गाळून उरलेलं खारट पाणी कुठे जातं? प्लांटच्या मागे जाऊन बघ. गटार तरी सापडेल, नाहीतर कुणाचं तरी शेत.

आता तुझ्या प्रबंधाकडे. एवढं वाचून तू माळवदाची, आपल्या मातीच्या सपाट छताची, आरती करायला निघशील, म्हणून आधीच सांगतो. तुझं गाव औशाकडचं. तिथली जुनी घरं म्हणजे सागाचे खांब, तुळया, त्यांवर किलचनं (लाकडी पट्ट्या) आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. खाली दाराजवळच्या ढाळजेत दुपारी खरंच गार वाटतं. त्या मातीनं ऊन अडवलं, पण त्याचं मोल वजनात घेतलं. पावसाळ्याआधी गळती थांबवायला नवी माती, वर्षानुवर्षं, थरावर थर. भिंती दोन पदरी दगडाच्या, मध्ये माती आणि कपच्यांचा भरणा, दोन्ही पदर बांधून ठेवणारे आरपार दगड नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जन करून माणसं झोपलेली असताना, किल्लारी आणि आजूबाजूला भूकंपात ते सगळं खाली आलं. हजारो माणसं गेली. त्यानंतर दगडमातीच्या घरात झोपायचं म्हटलं की लोकांच्या छातीत धस्स व्हायचं. त्यांनी स्लॅब मागितला, पत्रे मागितले, आणि त्यांना नावं ठेवायचा अधिकार एसीत बसून ‘देशी वास्तुकला’ शिकवणाऱ्यांना नाही. वजनाचं ओझं उतरलं. उन्हाचं पुन्हा अंगावर आलं, आणि आता ते विजेच्या बिलात भरतोय.

तुझा प्रबंध या दोन्हींच्या मध्ये आहे. स्मार्ट फसाड, म्हणजे यंत्रांनी चालणारा इमारतीचा दर्शनी भाग, राहू दे. मातीचा थर किती पातळ केला तर वजन सोसेल आणि दुपारही निभेल? आरपार दगड कुठे, दारं-खिडक्यांच्या वर, लिंटेलच्या पातळीवर सलग पट्टा कसा? भूकंपात घरं टिकावीत म्हणून भारतीय मानकं (आयएस) आहेत: आयएस १३८२७ मातीच्या घरांसाठी आणि १३८२८ कमकुवत दगडविटांच्या बांधकामासाठी आहे. दोन्ही १९९३ चीच. नीट वाच, भाषा रुक्ष आहे पण आकृत्या गवंड्यालाही कळतात. गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या गवंड्याला त्या दाखव आणि तो कुठे मान हलवतो ते लिहून ठेव.

मे महिन्यात एक थर्मामीटर माळवदाखाली लाव, एक स्लॅबखाली. दुपारचे आकडे सगळेच घेतात, तू मध्यरात्रीचेही घे. जाड माती दिवसाची उष्णता धरून ठेवते आणि रात्री सोडते. माणसं उन्हाळ्यात वर माळवदावर अंथरूण टाकतात, ते काही नुसतं चांदणं बघायला नव्हे.

आता सॉफ्टवेअर. इमारतीतली उष्णता आणि वीज मोजणारं एनर्जीप्लस शीक, फुकट आहे. पण भिंतीची जाडी त्यात भरण्याआधी टेप घेऊन मोजून ये. तुझ्या आजोबांच्या घराचा छेद काढून झाला की पाठव. मातीचा थर किती, ते त्यावर लिहिलेलं पाहिजे. अंदाजाचा आकडा टाकलास तर कागद परत येईल.

तुझा,
सर