एफआयव्ही पॉझिटिव्ह बोका दत्तक घ्यावा का? घरात आधीच एक मांजरी आहे.

तुम्ही लिहिलंय, की निवाऱ्यातला चार वर्षांचा बोका दर भेटीत आपणहून मांडीवर येऊन बसतो, पण त्याच्या कागदांवर 'एफआयव्ही पॉझिटिव्ह' असं आहे, आणि घरचे म्हणतात, "मांजरांचा एड्स कशाला घरात आणायचा?" माझ्याकडे असाच एक बोका गेली सहा वर्षं आहे, भुऱ्या. मी तर म्हणेन, आणा. पण काही गोष्टी नीट समजून घेऊन आणा.

आधी घरच्यांची भीती. एफआयव्ही म्हणजे मांजरांची प्रतिकारशक्ती हळूहळू कमी करणारा एक विषाणू. तो १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मांजरांमध्ये सापडला. तो एचआयव्हीच्या कुळातला आहे, त्यावरूनच ते घाबरवणारं नाव पडलं. पण तो माणसाला होत नाही, कुत्र्यालाही होत नाही. चाटलं, ओरखडलं, अगदी चावलं तरीही नाही. तो पसरतो मुख्यतः मांजरांच्या आपसातल्या खोल चाव्यातून, म्हणून हद्दीसाठी भांडणाऱ्या, नसबंदी न झालेल्या बोक्यांमध्ये तो जास्त दिसतो. एका वाटीतून पाणी प्यायल्याने किंवा एकमेकांना चाटल्याने तो लागण्याची शक्यता फारच कमी असते.

त्यामुळे तुमच्या मांजरीचा प्रश्न खरं तर स्वभावाचा आहे. दोघांची नसबंदी झालेली हवी. बोक्याला सुरुवातीला वेगळ्या खोलीत ठेवा. आधी दाराच्या फटीतून वासाची ओळख, मग जाळीआडून नजरभेट, मग तुमच्या देखरेखीखाली एकत्र. आमच्याकडे याला सहा आठवडे लागले. भुऱ्याचं आणि घरातल्या आधीच्या मांजराचं गूळपीठ कधीच जमलं नाही, पण मारामारीही कधी झाली नाही, आणि एवढं पुरतं. तुमची मांजरी मुळातच हल्ला करणारी असेल, तर मात्र मी थांबायला सांगेन.

चाचणीबद्दल एक विचारून घ्या. नेहमीची झटपट चाचणी रक्तात विषाणू शोधत नाही, प्रतिपिंडं शोधते, म्हणजे विषाणूशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं, आणि ती आईकडून पिल्लातही येतात. म्हणून पॉझिटिव्ह आईच्या पिल्लांमध्ये सहा महिन्यांपर्यंत निकाल फसवा येऊ शकतो. तुमचा बोका चार वर्षांचा आहे, त्यामुळे ती शंका नाही. तरी दुसऱ्या पद्धतीने खात्री केली आहे का, ते विचारा. आणि फेलाइन ल्युकेमिया या मांजरांच्या दुसऱ्या विषाणूजन्य आजाराची चाचणी निगेटिव्ह आहे ना, हे नक्की बघा. लोक या दोन आजारांची गल्लत करतात, पण ल्युकेमियाचा विषाणू एकमेकांना चाटण्यातून, एका भांड्यातून सहज पसरतो आणि तो कितीतरी गंभीर आहे.

एफआयव्ही असलेली कितीतरी मांजरं बरीच वर्षं, काही तर इतर मांजरांइतकीच जगतात. विषाणू जात नाही, प्रतिकारशक्ती हळूहळू कमी होत जाते, आणि आपलं काम इतकंच, की लहान दुखणं लहान असतानाच ओळखायचं. त्याचा मांडीवर येण्याचा स्वभाव इथेच खरा कामाला येतो, आणि मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय. आजार लपवणं हा मांजराचा स्वभावच. लांब लांब राहणाऱ्या मांजराचं वजन घटलेलं महिनाभर कळत नाही. भुऱ्या रोज रात्री माझ्या पोटावर चढून पंजांनी कणीक मळत घुरघुरतो, आणि माझा हात त्याच्या पाठीवरून, मानेखालून, जबड्यावरून फिरत असतो. त्याच्या तोंडाला वेगळा वास येतोय हे मला असंच एका रात्री जाणवलं. हिरड्या लालभडक झाल्या होत्या. या आजारात तोंडाचं दुखणं फार नेहमीचं आहे. त्याचे मागचे बरेच दात काढावे लागले. मी रडले होते, पण दहा दिवसांत तो आधीपेक्षा जास्त खायला लागला. तेव्हा कळलं, की इतके दिवस तो दुखणं सोसूनच खात होता. हा दोष माझ्या मनातून अजून गेलेला नाही, म्हणून आता दर आठवड्याला त्याचा ओठ वर करून बघते आणि महिन्यातून दोनदा त्याला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभी राहते.

बाकी काळजी साधीच आहे. त्याला घरातच ठेवायचं, खिडक्यांना जाळी लावायची. त्याच्यासाठीही, आणि बाहेरच्या मांजरांसाठीही. कच्चं मांस, कच्चं अंडं अजिबात नको, कारण त्यातल्या जंतूंशी लढायची ताकद त्याच्यात कमी असते. पिसवा-गोचिडांचं आणि जंताचं औषध वेळेवर. वर्षातून दोनदा डॉक्टरांकडे तपासणी, त्यातल्या एका वेळी रक्त आणि लघवीही तपासून घ्यायची. लसी कोणत्या द्यायच्या हे डॉक्टरांना ठरवू द्या. आणि डॉक्टर बदलले तर पहिलं वाक्य एफआयव्हीचंच असू द्या. बुरशीसाठी ग्रिसिओफुल्विन नावाचं एक औषध देतात, ते अशा मांजरांच्या अस्थिमज्जेला घातक ठरू शकतं.

चोवीस तास खाल्लं नाही, ताप वाटला, जखम चिघळली, तर 'उद्या बघू' म्हणू नका. निरोगी मांजराच्या बाबतीतही उपाशी राहणं यकृतावर बेततं, इथे तर हातात आणखी कमी वेळ असतो. खर्चाचंही घरच्यांशी आधीच बोलून ठेवा. दातांच्या शस्त्रक्रियेसारखं एखादं मोठं बिल कधीतरी येऊ शकतं, ते धरूनच चला.

पुढच्या भेटीत तो मांडीवर बसला, की मानेखाली खाजवता खाजवता अंगठ्याने त्याचा ओठ हळूच वर करून बघा. हिरड्या फिकट गुलाबी आहेत का, दातांच्या मुळाशी लाल रेघ आहे का, आणि तो हे करू देतो का. करू दिलं, तर पुढे औषधाची गोळी देणंही तुम्हाला जमेल.