तिकीट काढण्याआधी

“भारताचं उद्याचंच तिकीट काढू का?” तुझ्या पत्रातला हा प्रश्न मी पुन्हा पुन्हा वाचला. नवरा जाऊन १९ दिवस झालेत. घरात ९ आणि ४ वर्षांची मुलं, तू अमेरिकेत एच-४ वर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर. भाऊ म्हणतोय, गाशा गुंडाळ आणि ये. सासूबाईंचा जीव अस्थी नाशिकला येण्यात अडकलाय. सगळे प्रेमानेच बोलताहेत. तरीही माझं उत्तर: अजून नको. आधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेट, याच आठवड्यात.

तुझा एच-४ नवऱ्याच्या एच-१बीला, म्हणजे नोकरीच्या व्हिसाला, बांधलेला होता. ते गेले की त्याचा आधार जातो आणि त्यावर मिळालेलं वर्क परमिटही. पण त्यांच्या कंपनीने ग्रीन कार्डसाठी आय-१४० हा अर्ज भरलेला असेल, मंजूर झालेला किंवा प्रलंबित, तर इमिग्रेशन कायद्यातलं २०४(एल) हे कलम तुझ्या कामाचं आहे. ज्याच्या नावाने अर्ज होता तो गेल्यावरही बायकामुलांसाठी तो चालू ठेवण्याची विनंती त्याखाली करता येते. अट अशी की मृत्यूच्या वेळी तू अमेरिकेत राहत असली पाहिजेस आणि पुढेही इथेच राहत असली पाहिजेस. घर आवरून निघून गेलीस तर हे दार बंद होऊ शकतं. अस्थी थांबतात गं. माझ्या यजमानांच्या अस्थी पाच महिने देवघराशेजारच्या कपाटात होत्या. गोदावरीवर नेल्या तेव्हा मला निदान नीट रडता तरी आलं.

मुदत असलेली दुसरी गोष्ट आरोग्य विम्याची. कंपनीत २० किंवा जास्त कर्मचारी असतील तर कोब्राखाली, म्हणजे कंपनीचा विमा पुढे चालू ठेवू देणाऱ्या कायद्याखाली, तुला आणि मुलांना ३६ महिन्यांपर्यंत तोच विमा ठेवता येतो, पण तसं ६० दिवसांत कळवावं लागतं. हप्ता पूर्ण आपल्यावर येतो आणि तो भारी असतो, म्हणून मार्केटप्लेसचे, म्हणजे आरोग्य विम्याच्या सरकारी संकेतस्थळावरचे, दरही बघ. तिथेही ६० दिवसांचीच मुदत आहे. एचआरशी बोलशील तेव्हा ग्रुप लाइफ इन्शुरन्स, शेवटचा पगार आणि ४०१(के), म्हणजे निवृत्तीची बचत, या तिन्हींचं एकदमच विचार. ४०१(के)वर पहिला हक्क सहसा पत्नीचा असतो, तू स्वतः सही करून सोडला नसशील तर.

सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे सरकारी पेन्शन योजनेच्या, कार्यालयात तर नक्की जा. “आपण कुठे सिटिझन” म्हणून आपल्यातल्या बायका तिकडे फिरकतच नाहीत. नवऱ्याने तो कर भरलेला असतो. त्यातून मिळणारे क्रेडिट्स पुरेसे असतील तर मुलांना १८ वर्षांपर्यंत आणि १६ वर्षांखालच्या मुलाला सांभाळणाऱ्या आईलाही दरमहा रक्कम मिळू शकते. व्हिसावर असणाऱ्यांना कायदेशीर वास्तव्याचा पुरावा लागतो, तेव्हा हेही वकिलाच्या कानावर घाल.

मृत्यूच्या दाखल्याच्या दहा-बारा प्रमाणित प्रती काढून ठेव, सगळे मूळ प्रतच मागतात. त्यांचा पासपोर्ट भारतीय असेल तर वकिलातीत मृत्यूची नोंद आणि पासपोर्ट रद्द करणं ही कामं असतात, ती सवडीने केलीस तरी चालतील. मात्र त्यांचा फोन बंद करू नकोस, भारतातलं सिमसुद्धा नाही. बँकांचे ओटीपी त्यावरच येतात. मी चौथ्या दिवशी नंबर बंद करून टाकला आणि पुढचे तीन महिने पुण्यातल्या एका बँकेला ‘मी त्यांची बायको आहे’ हे पटवत बसले.

घर विकायचं का, कायमचं परत जायचं का, हे वर्षभराने ठरव. कोणी कितीही आग्रह केला तरी.

आता माणसांबद्दल. माझ्या फ्रीजमध्ये एका वेळी सात जणींचे डबे होते, झाकणांवर मास्किंग टेप लावून नावं लिहिलेले. तेराव्यानंतर दार वाजायचं थांबलं. एका संध्याकाळी ते रिकामे डबे धुऊन ओट्यावर मांडले आणि कोणाचा कुठला हे लागेना, टेप निघून गेल्या होत्या. इतके दिवस अडलेलं रडू तेव्हा फुटलं. लोक वाईट नव्हते, पुढे काय करायचं हे त्यांना कळत नव्हतं. म्हणून काम नेमून दे. एकीला भारतातले फोन घ्यायला सांग, एकाला कागदपत्रांची फाइल लावायला बसव.

तुमच्या भागातल्या हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या संस्थेत, चौकशी कर. अनेक हॉस्पिसचे शोकगट सगळ्यांसाठी खुले असतात, आपलं माणूस तिथे नसलं तरी. ‘सोअरिंग स्पिरिट्स’ ही संस्था २००८पासून जोडीदार गमावलेल्यांसाठीच काम करते. आणि रात्री जीव नकोसा झाला तर ९८८ या संकटकाळच्या हेल्पलाइनला फोन किंवा मेसेज कर, कुठल्याही वेळी.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जाऊ का, हे तू अगदी शेवटी, दबकत विचारलंयस. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य सरकारने त्याच महिन्यात बाकीच्या ग्रामपंचायतींनाही त्याप्रमाणे वागायला सांगितलं. एका खेड्याला जमलं ते इथल्या महाराष्ट्र मंडळाला जमलंच पाहिजे, आणि हे मी मंडळाच्या बायकांना उद्देशून लिहितेय. तुला जावंसं वाटलं तर जा, कुंकू लावावंसं वाटलं तर लाव.

आज एकच कर. जी मैत्रीण “काही लागलं तर सांग” म्हणून गेलीय, तिला फोन लाव आणि सांग: मंगळवारी साडेपाचला मुलांना पोहण्याच्या क्लासला घेऊन जा, मला वकिलाकडे जायचंय.