मानक बोरा म्हणजे प्रमाण गोणी नव्हे

प्रश्न इंदूरच्या एका वाचकाचा आहे. जंगलाच्या उत्पन्नावरचा हिंदी मजकूर ते मंडळाच्या अंकासाठी मराठीत आणताहेत. 'लघु वनोपज' आणि 'मानक बोरा' (विडीच्या तेंदूपानांचं माप) यांना मराठीत काय लिहायचं?

पहिलं सोपं आहे: गौण वनउपज. उत्पन्न किरकोळ म्हणून 'गौण' नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्यात इमारती लाकूड सोडून बाकी वनस्पतिजन्य माल यात धरलाय, म्हणजे बांबू, वेत, मध, लाख, तेंदूपानं वगैरे.

खरी मेख बोऱ्यात आहे. (हो, बोऱ्यात. 'मानक बोराचा भाव' लिहिलंत तर वाचणारा बोरं शोधत बसेल.) महाराष्ट्रात 'प्रमाण गोणी' म्हणतात, पण नुसता शब्द बदलून भागत नाही. तेंदूपानांचा व्यापार मध्य प्रदेशानं १९६४ च्या कायद्यानं हाती घेतला, महाराष्ट्रानं १९६९ च्या, आणि मापं वेगळी राहिली. मध्य प्रदेशात गड्डी ५० पानांची, बोऱ्यात १००० गड्ड्या, म्हणजे ५०,००० पानं. विदर्भात पुडा ७० पानांचा, गोणीत १००० पुडे, म्हणजे ७०,०००. मध्य प्रदेशात २०२४ च्या हंगामाला मजुरी बोऱ्यामागे ४००० रुपये होती, म्हणजे पानामागे ८ पैसे. हाच आकडा 'प्रमाण गोणीला ४०००' असा छापला, तर नागपूरचा वाचक पावणेसहा पैसे समजेल. त्याच्या गोणीच्या हिशेबानं तो ५६०० होतो. तेव्हा 'मानक बोरा'च ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे कंसात '५०,००० पानं' लिहा. 'गड्डी'चा 'पुडा' करू नका, 'जुडी' चालेल.

'फड़'चा 'फड' तर मुळीच नको. मराठीत तो उसाचा नाहीतर तमाशाचा. विदर्भात 'फळी' म्हणतात, पण इंदूरच्या वाचकाला लाकडाची वाटेल. सरळ 'संकलन केंद्र' लिहा. तिथेच जुड्या मोजून उन्हात रांगेनं पसरतात. वाळलेलं पान हाताळताना चुरतं, म्हणून भरण्याआधी पाणी शिंपडून मऊ करतात.

आणि 'संग्रहण'चं दर वेळी 'गोळा करणं' नको. मोहफुलं पहाटे गळतात, ती वेचतात. तेंदूचं पान झाडावरून तोडतात. गळलेलं पान विडीला चालत नाही.