दख्खनी मेंढी आणि तिची लोकर: वाचकांचे प्रश्न

दख्खनी लोकरीची म्हणून घोंगडी घेतली, पण भयंकर टोचते. फसलो का?

टोचते म्हणजे माल अस्सल असायची शक्यताच जास्त! मऊ लोकरीच्या मेरिनो मेंढीचा तंतू साधारण 20 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा, दख्खनीचा सरासरी 50च्या आसपास. शिवाय लोकरीत राठ केसही मिसळलेले. त्यांची टोकं वाकत नाहीत, कातडीत रुततात. त्यात नव्या घोंगडीला चिंचोक्याची खळ असते, ती वापरून वापरून सुटते. तोवर अंथरा, किंवा आत सुती चादर घ्या. मऊच हवी तर जावळाची मागा, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीची.

डोक्यावरून घोंगडीची खोळ घेतलेला मेंढपाळ पावसात भिजत नाही, हे खरं?

भुरभुर पावसात खरं. थेंब वरच्या केसांवर मण्यांसारखे थांबतात, झटकले की गेले. मुसळधार पावसात मात्र घोंगडी पाणी पिते आणि खांद्यावर धोंडा ठेवल्यासारखी जड होते. तरीही ऊब टिकते, कारण तंतूंमध्ये हवा कोंडलेली राहते. भिजलेल्या सुती चादरीत तो प्रकार नाही.

आमच्याकडे साठ दख्खनी मेंढ्या आहेत. लोकर परवडत नाही. संकरासाठी माडग्याळ जातीचा नर कळपात सोडावा का?

लोकर परवडत नाही, हे मान्य. वर्षातून दोनदा भादरूनही एका मेंढीची जेमतेम अर्धा-पाऊण किलो निघते, तीही काळी. काळ्यावर रंग चढत नाही, म्हणून गिरण्या पांढरी मागतात. भादरणाऱ्याची मजुरीही कित्येकदा सुटत नाही.

पण नर सोडण्याआधी स्वतःला विचारा, वाडा, म्हणजे कळप, फिरता आहे की बांधावरचा, एका जागी राहणारा? जत भागातली माडग्याळ उंच, पोपटनाकी, वजनाला भारी. बाजारात उठून दिसते, पण अंगावर लोकर नावालाच. दख्खनी मेंढी बुटकी खरी, पण दिवसभर चालून काढणी झालेल्या रानातल्या धसकटांवर पोट भरते. ती चिवटाई संकरात कितपत उतरेल, याची हमी मी देणार नाही. फिरता वाडा असेल तर माझं मत 'नको'.

दुसरा रस्ता फलटणच्या 'नारी' म्हणजे निंबकर कृषी संशोधन संस्थेने दाखवलाय. बंगालच्या गारोळ मेंढीतलं जुळ्यांचं जनुक दख्खनीत आणून त्यांनी 'नारी सुवर्णा' तयार केली. फक्त जुळ्यांना पुरेल इतकं दूध आईला यायचं, तर खुराक वाढवावा लागतो.

घोंगडीला कसर लागलीय.

कडक उन्हात दोन्ही बाजू तापवा, ब्रशने झाडा. गरम पाण्यात बुडवू नका, आटेल.