माकडं मेली म्हणून उरलेली मारू नका

तुम्ही विचारलंय की काजूच्या बागेलगत दोन माकडं मेलेली सापडली, वाडीतले म्हणतात उरलेली मारून टाका, आणि या माकडतापाचा जंगलतोडीशी खरंच काही संबंध आहे का. माझी बाग दोडामार्ग तालुक्यातच आहे. २०१६ साली हा ताप सिंधुदुर्गात आला तेव्हापासून तो जवळून पाहतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी माकडांचं. त्यांना मारू नका. ती बिचारी याच आजाराने मरतात. विषाणू येतो गोचिडीच्या चाव्यातून. माकड मेलं, अंग थंड पडलं की त्याच्यावरच्या गोचिडी उतरून पातेऱ्यात, म्हणजे पडलेल्या सुक्या पानांत जातात आणि पुढच्या जनावराची किंवा माणसाची वाट बघतात. म्हणजे ते मेलेलं माकड तुम्हाला सांगतंय की या जागेत आजार आहे. माकडं संपवलीत तर सांगणारं कोणी उरणार नाही, गोचिडी मात्र तिथेच राहतील.

आता जंगलाचं. हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला १९५७ साली, कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात. विषाणू शोधला आपल्या पुण्याच्या प्रयोगशाळेने, जी आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. पुढे १९८३ च्या सुमारास दक्षिण कन्नड जिल्ह्यात काजू लागवडीसाठी जंगल तोडलं गेलं आणि तिथे हजाराहून जास्त लोक आजारी पडले. अभ्यासकांना पुढेही हेच दिसलं की जंगल आणि बाग एकमेकांत घुसलेली असतात तिथे धोका जास्त. कारण सरळ आहे. रानाचे तुकडे झाले की मधे झुडपं माजतात, गुरं चरायला शिरतात. पावसाळ्यात मोठ्या गोचिडी गुरांचं रक्त पिऊन अंडी घालतात. गुरं स्वतः आजार पसरवत नाहीत, पण गोचिडींची पैदास त्यांच्यावर पोसली जाते. माकडं, उंदीर, गुरं, माणसं, सगळी रानाच्या एकाच कडेला येतात. दोडामार्गात रबर आणि अननसासाठी डोंगर कसे बोडके झाले ते तुम्हीही पाहिलंय. हा ताप आणणारं ते एकच कारण आहे असं मी म्हणणार नाही, पण आपण अशा कडा वाढवत चाललोय हे नक्की.

आणि वेळ बघा. पाऊस संपल्यावर अंड्यांतून पिल्लं निघतात आणि थंडीपासून मेपर्यंत तिळाएवढ्या गोचिडी सगळ्यात जास्त चावतात. नेमकं तेव्हाच आपण बोंडं गोळा करायला वाकतो, बायका गोठ्यासाठी आणि तरवा (भाताच्या रोपांची जागा) भाजायला पातेरा आणतात. या तापाचं खरं ओझं त्यांच्यावर पडतं, आणि बैठकीत मात्र त्यांना कोणी विचारत नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

तेव्हा बाग सोडू नका, पण पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पँट मोज्यात खोचा, आरोग्य केंद्रातून मिळणारं, गोचिडींना दूर ठेवणारं तेल हातापायांना लावा. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, आंघोळ करताना काखा, जांघा, कानामागे नीट बघा. पाचोळ्यावर बसू नका. मेल्या माकडाच्या आसपासचा पातेरा या वर्षी आणूच नका. गुरांच्या गोचिडींवर पशुवैद्याकडून औषध घ्या. लसीवर विसंबू नका, कर्नाटकात पूर्वी दिली जायची तिचा वापर थांबलाय.

चावल्यापासून साधारण ३ ते ८ दिवसांत अचानक जोराचा ताप, डोकं फुटेल असं दुखणं, अंग मोडून येणं सुरू होतं. काहींना हिरड्यांतून, नाकातून रक्त येतं. ताप उतरल्यावर आठ-पंधरा दिवसांनी काहींना तो परत येतो, तेव्हा बरं वाटलं म्हणून लगेच बागेत धावू नका. यावर नेमकं औषध नाही, पण वेळेत दाखल झालेली बहुतेक माणसं बरी होतात. दगावतात ती साधारण शंभरात ३ ते ५. माणसापासून माणसाला हा होत नाही, त्यामुळे आजाऱ्याला वाळीत टाकू नका. अंगदुखीवर दुकानातून ॲस्पिरिनसारखी गोळी घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो.

डॉक्टरांकडे गेलात तर "ताप आलाय" एवढंच सांगू नका. "बागेत जातो आणि तिथे माकडं मेलीत" हे पहिल्या वाक्यात सांगा, नाहीतर डेंग्यू आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) तपासण्यात दोन दिवस जातात. आणि ती दोन माकडं अजून तिथेच पडली असतील तर हात न लावता आजच प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि वनखात्याला फोन करा. जागा दाखवायला लांबूनच उभे राहा, पोरांना सोबत नेऊ नका.